पांढरा साका

काळाघोड्याच्या पुलाखाली नटुभाई
दोरीला बांधून बाटली सोडतात,
मी वरून ओरडते: बुडबुडा नको!
एक बुडबुडा आत शिरला
तर विश्वामित्री खोटं बोलेल.

टेबलावर आधी मँगनीज सल्फेट, दोन मिली.
मग अल्कली आयोडाइड.
बूच दाबून बाटली उलटसुलट.
पाण्यात प्राणवायू असला की साका तपकिरी बसतो,
तूप कढवल्यावर तळाशी राहते
त्या बेरीसारखा.

आज पांढरा.
निवळीच्या चुन्यासारखा, निवांत
उतरत गेला.

पुढचं काही उरलंच नाही.
ब्युरेट भरलेली, तशीच.
जो निळा उठणारच नव्हता
तो थेंबाथेंबाने उतरवायचा कसा?

गुप्तेसाहेब म्हणाले, पुन्हा करा,
रसायन जुनं असेल.
नळाचं पाणी घेतलं.
तपकिरी, लख्ख.
रसायन ठणठणीत होतं.

रजिस्टरात लिहिलं: शून्य.
शाई वाळावी म्हणून फुंकर घातली,
तेवढीच हवा त्या रकान्याला.

परतताना पुलावर स्कूटर थांबवली.
काठाच्या गाळात मगर,
नाकपुड्या तेवढ्या वर.
मासे गेले, ही राहिली:
ही श्वास वरून घेते,
माझ्यासारखा.

इतक्यात नंदेसरीकडून वारा आला,
जिभेवर जुन्या नाण्याची चव ठेवून.
मी ओढणी नाकाला लावली.
तिने नाकपुड्या मिटल्या
आणि खाली गेली.

सवयीने मी घड्याळात पाहिलं.