ओ, अनामिकेवर

फ्रेझरबरोत पहाटे सव्वाचारला फॅक्टरीची बस येते.
थांब्यावर मी हात खिशातून बाहेर काढते
आणि मोबाईलमधल्या निळ्या शर्टाच्या माणसाबरोबर
डाव्या हाताच्या बोटांची टोकं शिवत जाते.
अंगठा: ए. तर्जनी: ई. मधलं: आय.
अनामिका: ओ. करंगळी: यू.
पाच स्वर, पाच बोटांवर भाड्यानं राहणारे.
हिरवी खूण उमटते. छान, रासा!
त्याचं काय, तो सगळ्यांनाच छान म्हणतो.

मी क्लायपेडाची. इंग्रजी येतं ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं,
भांडणापुरतं थोडं जास्त.
त्या अर्ध्या भाषेतून आता ही तिसरी शिकते आहे.
हिला आवाज नाही,
म्हणजे उच्चारावरून कुणी हसणार नाही,
असं वाटलं होतं.

नेट्टा पट्ट्याच्या पलीकडे, माझ्या समोर.
एकतीस वर्षं कॉड कापते. जन्मापासून बहिरी.
पट्टा सुरू झाला की आम्ही चाळीस जणी बहिऱ्या होतो,
ओरडतो, एकमेकींची तोंडं वाचतो, वैतागतो.
ती तेवढी सुरी बाजूला ठेवून
निवांत बोलत असते,
बहिणीच्या कुत्र्याबद्दल, सुपरवायझरच्या नव्या दातांबद्दल,
समजणारं कुणी नसलं तरी.

साडेनऊला पट्टा थांबतो.
कँटीनमध्ये सगळ्यांना एकदम ऐकू यायला लागतं
आणि नेट्टा भिंतीकडे तोंड करून सँडविच खाते.
हे मी सात महिने पाहिलं.
मग ॲप घेतलं.

पहिल्या दिवशी तिच्यासमोर बसून हातांनी विचारलं, बरी आहेस?
ती इतकी हसली की चहा नाकात गेला.
पेपर नॅपकिनवर लिहिलं:
तुझे हात बातम्या देतात!
आणि आकडे? आकडे सगळे लंडनचे.
सहा असा नाही गं. इथे सहा असा.
निळ्या शर्टाचा सहा मी तिथेच कचऱ्यात टाकला,
नॅपकिन मात्र ठेवला.

मग तिनं कॉड शिकवला. सी, ओ, डी.
सी झाला.
उजवी तर्जनी डाव्या हाताकडे निघाली,
अनामिका जिथे असायला हवी तिथवर गेली,
हवेला शिवली,
आणि परत आली. डी.

दुसऱ्या पेरापुढे बोटच नव्हतं.
सात महिने समोर उभी असून मला दिसलं नव्हतं.
निळ्या मोज्यातलं ते बोट ती कापसानं भरते.
शिवाय हातावर पोट असलेल्यांच्या
हातांकडे कोण बघतं, मीसुद्धा नाही.
तिनं सुरीकडे बोट केलं, मग ताटलीतल्या माशाकडे,
खांदे उडवले, आणि माझा उरलेला बिस्किटाचा तुकडा खाल्ला.

त्यानंतर ॲप मागे पडलं.
एक्केचाळीस दिवसांची माझी साखळी तुटली.
तुमची आठवण येते, असं ते रात्री साडेदहाला कळवायचं,
मी झोपलेली असताना.
ओल्या, माशाच्या वासाच्या बोटांना तसाही
त्याचा पडदा ओळख देत नाही.

परवा वादळानं बस उशिरा आली.
थांब्यावर कुणी नव्हतं, वेळ होता, उघडलं.
नववा धडा: कॅमेऱ्यासमोर स्वर म्हणा.
ए, बरोबर. ई, बरोबर. आय, बरोबर.
ओ.
लाल फुली. पुन्हा प्रयत्न करा.
ओ. पुन्हा प्रयत्न करा.
तेव्हा मी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.
माझी अनामिका मधोमध दुमडलेली होती,
आणि तर्जनी
टोकाच्या जागी, नुसत्या थंडीला शिवत होती.

बोट सरळ करता आलं असतं.
चौथ्यांदाही मी तसाच ओ म्हटला.
निळ्या शर्टाचा माणूस हसत, न कंटाळता
अख्खं बोट दाखवत राहिला.
बस आली. दारात नेट्टा उभी,
टोपीवरून पाणी गळत,
विचारत होती, कुणाशी बोलतेस गं एवढं?