हिवराजचे तळवे

रात्री जेवणं उरकली की मी त्याचे तळवे बघते,
मोबाइलचा उजेड धरून,
एकेका बोटाच्या बेचक्यात.
तो तेवढ्यात शेंगा सोलत असतो.
पाय माझ्या मांडीवर,
कुणी शेजाऱ्यानं सांभाळायला ठेवल्यासारखे.

चार वर्षांचा असताना चुलीतला निखारा
त्यानं मुठीत आणला आईला दाखवायला,
लाल आहे म्हणून.
आईला आधी वास आला.

त्याला घामही येत नाही.
नवतपात गाव सावली धरून निपचित पडतं,
चुलबंदच्या रेतीवर कुत्रंही पाय ठेवत नाही,
आणि आई लुगडं भिजवून पिळून त्याच्या अंगावर टाकते.
वाळलं की पुन्हा. वाळलं की पुन्हा.
नाव तेवढं हिवराज.

साकोलीच्या दवाखान्यात उईके डॉक्टरांनी
गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली.
पाय टुणकन उडाला.
आई रडायलाच लागली, "हाये ना! समजते ना याले!"
डॉक्टर हातोडी पुसत राहिले जरा वेळ.
मग म्हणाले, तो धागा वेगळा, बाई.
तो स्नायूचा ताण मोजतो, तो शाबूत आहे.
काटा न् विस्तव ओळखणारे धागे फार बारीक.
मूल पोटात असतानाच ते कातडीकडे निघतात,
आणि कातडी त्यांना एक रस पाजते, जगा म्हणते.
याच्या धाग्यांना तो रस प्यायला तोंडच नव्हतं.

म्हणजे रस होता.
ताट वाढून कातडी वाट बघत होती
आणि ते दारापर्यंत येऊन उपाशी गेले.
चेतातंतूंच्या वाढीचं प्रथिन,
असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.
आईनं तो घडी करून रेशनकार्डात ठेवलाय.

मागच्या साली पेज निथळताना माझं मनगट भाजलं.
हात मागे आला तेव्हा भाजल्याचं मला कळलंही नव्हतं.
पाठीच्या कण्यात परस्पर ठरलं सगळं;
डोक्याला खबर नंतर,
लग्न लागून गेल्यावर पत्रिका यावी तशी.

पण खरं दुखणं तिसऱ्या दिवशी.
ओढणीचा काठ लागला तरी हात उडायचा.
फुंकर सोसवेना. कोमट पाणी उकळतं वाटे.
डॉक्टरांना म्हटलं, फोड तर बसले, मग आता काहून?
तोच रस, ते म्हणाले.
आता जखमेतून पाझरतोय.
तुझे धागे तो पिऊन तर्र झालेत,
पान हललं तरी चोर-चोर ओरडतात,
आणि मज्जारज्जू त्यांचं ऐकतो,
त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो.
राखणच आहे ही, पोरी. जराशी जास्तीची.

त्या रात्री हात उशीवर ठेवून मी जागी होते.
हिवराज जवळ सरकला.
"दुखते म्हनजे काय होते वं ताई?"
मिरचीसारखं, म्हटलं.
तो उठला, टोपल्यातली मिरची देठासकट चावून आला.
पाणीसुद्धा मागितलं नाही.
खाजेसारखं, म्हणणार होते. पण खाज तरी कुठे आहे त्याला?
शेवटी म्हटलं, आवाजासारखं.
शेजारी कुणी रेडिओ लावून झोपून जावं तसं.
हे त्याला पटलं.
त्यानं माझ्या मनगटाला कान लावला.
केस लागले न लागले तोच माझा हात उडाला,
थेट त्याच्या नाकावर.
नाकातून रक्त, आणि हा हसतोय,
"वाजलं! वाजलं!"

काल टाचेत बाभळीचा काटा सापडला.
दोनेक दिवसांचा असेल, भोवती पांढुरकं झालेलं.
त्यावरच तो बाजाराला जाऊन आला होता.
चिमटा घेतला. काटा खोल होता.
ओढला,
आणि झटक्यानं मागे आला माझाच हात.

शेंगा सोलायचा थांबून
हिवराज माझ्याकडे बघत राहिला.
"लागलं का तुले?"