पाहिले

एकोणीस वर्षं मी विहिरींचं पाणी मोजलं.
मोल्दोव्हात, राऊत नदीच्या काठावरची बारा गावं,
निळ्या रंगवलेल्या छपराखालच्या विहिरी,
साखळीला जस्ताची बादली,
माझ्या पिशवीत बाटल्या
आणि बुचांवर मेणपेन्सिलीनं घातलेले क्रमांक.

प्रयोगशाळा म्हणजे जिल्हा कचेरीमागची एक खोली.
तिथं नायट्रेटचा आकडा निघे. मर्यादा पन्नास.
मी लिहायचो : एकशे बारा. चौऱ्याऐंशी. दोनशे सहा.
शेऱ्याच्या रकान्यात : पिण्यास अयोग्य.
महिनाअखेर साहेब वही मागवत,
पानोपान शिक्का मारत,
पाहिले, पाहिले, पाहिले,
आणि वही कपाटात जाई.
कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती.
हे मी मुद्दाम सांगतोय.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
आमच्या मुठीत पाणी होतं.

मग राजधानीतून झिनोविया आली,
बुटांना चिखल, खांद्याला लॅपटॉप.
म्हणाली, वह्या हव्यात. सगळ्या.
मी विचारलं, कुणाच्या परवानगीनं?
तिनं फोनवर एक कायदा दाखवला,
बोटानं वर सरकवत, सरकवत.
माझ्या नोकरीहून जुना निघाला तो.

तीन दिवस ती पानांचे फोटो काढत होती.
माझा सात तिला एकासारखा दिसायचा,
म्हणून मी शेजारी बसून आकडे वाचले.
इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा
कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवत होतो.
मधेच घसा कोरडा पडला.
तिनं पाणी पुढे केलं. विकतचं.

नकाशावर विहिरी लाल झाल्या.
प्रत्येक छपराच्या खांबाला चौकोनी चिठ्ठी लागली,
फोन धरला की पाण्याची कुंडली समोर.
दोन गावांत चिठ्ठ्या फाडल्या.
सरपंच म्हणाले, गावाची बदनामी.
द्राक्षवाल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

अगाफियाकडे फोन नाही.
ती अक्रोडाच्या झाडाखाली मला गाठून म्हणाली,
इलारिऑन, माझी विहीर कधीपासून?
मी म्हटलं, अकरा वर्षं.
ती बोटांवर मोजू लागली.
सातव्या बोटाशी थांबली.
त्या हिवाळ्यात तिच्या नातीचे ओठ निळे पडले होते,
दुधाच्या बाटलीत याच विहिरीचं पाणी.
दृष्ट लागली म्हणून लाल दोरा बांधला होता मनगटाला.
दोरा मीही पाहिला होता.
पाहिला,
आणि बाटली भरून पुढच्या गावाला गेलो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
फक्त म्हणाली, आता कितीला आहे?

नळ अजून आलेला नाही.
निविदा उघडी आहे, कोण किती भाव देतो ते शाळेतली पोरंही सांगतात,
आणि पाइप कुठल्या गोदामात अडकलेत तेही.
टँकर मंगळवारी येतो. कधी बुधवारी.

या वसंतात पुन्हा मोजायला गेलो.
आता यंत्र हातात मावतं, आकडा तिथंच उमटतो.
भोवती पोरं जमली. अगाफियाची नात सगळ्यांत पुढे,
पायांत भावाचे बूट.
मी म्हटलं, अडुसष्ट.
ती म्हणाली, मागच्या खेपेला एक्काहत्तर होता.

मी वही उघडली. सवयीनं शिक्क्याची जागा मोकळी सोडली.
मग ती मोकळी जागा तिच्याकडे फिरवली
आणि पेन्सिल दिली.