पारीवरचा उजेड

रोवणं करून आल्यावर
चिखलाच्या पायांचा फोटो टाकला स्टेटसला.
एक्केचाळीस जणांनी पाह्यला.
सरपंचीणबाईनं अंगठा देल्ला,
भंडाऱ्याच्या नणंदेनं तीन बदाम.
मी खाली खाली सरकवत गेली
नेतरामच्या नावापर्यंत.
रात्री अकरा वाजून सात.

सोसायटीच्या मासोळीच्या हिश्श्यावरून
तीन वर्सं झाली, भाऊ बोलत नाही.
पण पाहते.
वाळत घातलेले शिंगाडे पाह्यले,
पोरीची सायकल,
कान तुटलेली कढई, मायची.

दिवाळीपासून नाव येईनासं झालं.
पोरगी म्हणे, मामानं सेटिंग बदलवली.
आता तो पाहीन, पण दिसणार नाही.

आमच्या टोलीत नेटवर्क नाही.
बोडीच्या पारीवर चढावं लागते,
करंजीपाशी.
मी दिवसा जाते.

रात्री अकराच्या सुमाराला
भांडे घेऊन दारात बसते.
वर, करंजीखाली,
एक चेहरा निळानिळा उजळते,
नाक हुबेहूब बापाचं,
आणि लय वेळ विझत नाही.

त्याला कोणी सांगितलं नसन
की फोन पाहणाऱ्यालाही दाखवते.
मीही सांगत नाही.
मूठभर राख घेते,
गंज घासते, आवाज न करता.