दोन लिटरचं

अकरा कोंबड्या, एक कोंबडा
आणि परवा फुटलेली सात पिल्लं.
एवढ्यांसाठी पाण्याचं भांडं घ्यायला
मी विट्याला निघाले, तेव्हा बायजाक्का कुंपणावरून म्हणाल्या,
जर्मनच्या परातीला काय झालंय?

परातीला काही झालं नव्हतं.
कोंबड्या तिच्यात उभ्या राहायच्या, पाय धुवायच्या, शिटायच्या,
मग तेच पाणी चोचीत घेऊन
आभाळाला दाखवून गिळायच्या.
मंगळवारी त्या परातीत एक पिल्लू बुडालं.
दोन बोटं पाणी होतं.
दोन बोटांत कोण बुडतंय, दादा म्हणाले
आणि मग जेवेपर्यंत काही बोलले नाहीत.

स्टँडच्या मागं नदाफांचं खाद्याचं दुकान.
मक्याचा भरडा, कोंडा, शिंपल्यांची भुकटी,
वर आढ्याला लाल-पांढरी भांडी
फेर धरल्यासारखी टांगलेली.
किती पक्षी? नदाफांनी विचारलं.
पक्षी म्हटल्यावर माझ्या कोंबड्या
तेवढ्यापुरत्या जरा उंच उडाल्या.

त्यांनी आधी निपल दाखवलं.
टाकी लावा, पाईप लावा, चोच मारली की थेंब,
आठ दिवस बघायला नको.
मी बोटानं दाबलं. थेंब आला, गार.
पण आठ दिवस बघायला नको
हे ऐकून मी ते खाली ठेवलं.
आमच्याकडं बघायला माणूस आहे.
त्याला बघण्याशिवाय दुसरं काम उरलेलं नाही.

मग दहा लिटरचं.
भरायचं, थाळी फिरवून बसवायची, झटक्यात उलटं करायचं.
झटक्यात, या शब्दाशी मी अडले.
म्हटलं, भरून दाखवा.
बाई, लोक रिकामंच घेतात, नदाफ हसले.
पोऱ्यानं पिंपातलं पाणी आणलं.
दहाचं मलाच उलटेना.
पाचचं उलटलं, मनगटात कळ आली,
आणि ते मनगट माझं होतं.

दादांनी बत्तीस वर्षं सेलमला गलाई केली.
सांडशीत लालबुंद मूस धरायची,
वितळलेलं सोनं साच्यात ओतायचं.
सोनं दुसऱ्याचं. गुंजभर सांडलं तर पगारातून.
कधी सांडलं नाही म्हणतात.
आता चहा ओतायच्या आधीच
बशी वाजायला लागते.

दोन लिटरचं घेतलं.
दिवसातनं तीनदा भरावं लागंल, नदाफ म्हणाले,
उन्हाळ्यात चारदा.
म्हटलं, चालतंय की.
थाळीची खाच तेवढी बघून घेतली,
चोच जाईल, पिल्लू मावणार नाही अशी.
एकशे दहा सांगितले, शंभरला दिलं.

घरी दादांनी ते उलटसुलट फिरवलं.
काठाजवळच्या बारक्या भोकावर अंगठा ठेवला.
हितनं हवा जाती, म्हणाले,
थाळी भरली की भोक बुडतंय, मग पाणी थांबतंय.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
दोन विटा मागितल्या. बशीत पाणी घेऊन
विटांची पातळी लावली, कोंबडीच्या पाठीला येईल इतकी.
पिल्लांना चढायला फरशीचा तुकडा.
मग भरलं. थाळी घट्ट केली.
मी आत भाकरीला गेले,
म्हणजे गेल्यासारखं केलं.

उलटताना सांडलं. निम्मं तरी.
एक शिवी आली, सेलमकडची.
मग खोकला.
मग थाळीत पाणी उतरायची गुडगुड,
आणि ती थांबली.

कोंबड्या धावत आल्या, बाराच्या बारा.
नव्या भांड्याकडं मान वाकडी करून बघितलं
आणि शेजारचं सांडलेलं, मातीतलं पाणी
चुटूचुटू प्यायला लागल्या.
नवं हाय त्यांना, दादा म्हणाले,
सांजपातूर येतील.
आणि विटांजवळ स्टूल ओढून बसले.