माया

आमदारसाहेबांचं जाकीट
तेरा दिवस झाले, हँगरवर आहे.
मोतिया सिल्क. बोहरी आळीतून मीच आणलं,
घासाघीस न करता, घाईच तशी होती.
निकालाच्या रात्री अकराला त्यांचा पी.ए. आला,
भुवयांत गुलाल, तोंडात पेढा:
"मास्तर, शपथविधीचं आहे. मंगळवारी पाहिजे."

मंगळवार गेला.
फडके हौदापाशी वाजलेले फटाके
झाडूवाल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी गोळा केले.
माझ्या पायरीच्या सांदीत तेवढा
एक लाल कागद राहिलाय.

बटणं लावू नका म्हणाले.
कुठली लावायची ते वरून कळेल.
वरून म्हणजे कुठून, मी विचारलं नाही.
डबीत दोन जोड काढून ठेवलेत, पितळी आणि शिसवी.
अस्तरही दोन रंगांत कापलंय.
आतलं कोण बघतं, म्हटलं, तर पी.ए. म्हणाला,
"वारा आला की दिसतं, मास्तर."

समोर सायकलवाल्याच्या टीव्हीवर
चर्चा रोज सकारात्मक असते.
बैठक झाली, बैठक होणार,
बैठक कुठे घ्यायची याची बैठक.
खाली पट्टी पळत राहते धावदोऱ्यासारखी,
लांब लांब टाके,
गाठ कुठेच नाही.

साहेब स्वतः लोणावळ्यापुढे कुठल्याशा रिसॉर्टवर.
फोन काढून घेतलेत सगळ्यांचे.
परवा रात्री कुणाच्या तरी ड्रायव्हरच्या नंबरावरून
त्यांचा आवाज आला, अगदी बारीक:
"मास्तर, कमरेत अर्धा इंच सोडा.
इथं नुसतं खाणं चाललंय."
म्हटलं, काळजी नको, माया ठेवलीय.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग, "कुणाची? किती?"
शिवणीत, साहेब.
शिवणीत ठेवलीय.

संध्याकाळी रेवती येते काजं करायला, भावाची मुलगी.
वेल्ह्याकडच्या शाळेवर नाव लागलंय तिचं.
ऑर्डर निघायचीय. ऑर्डरवर सही व्हायचीय.
सही करणारा अजून व्हायचाय.
आधी आचारसंहिता होती,
आता ती उठली तर खुर्चीत कोणी नाही.
तिथल्या गुरुजींना फोन करून तिनं पट विचारून घेतला.
एकोणीस.
वहीत एक ते एकोणीस आकडे घातलेत,
पुढची जागा मोकळी.

या जाकिटाला मात्र मी तिला हात लावू देत नाही.
बटण ठरल्याशिवाय काज कापायचं नसतं.
शिवण उसवता येते, कापलेलं काज नाही.
आणि उसवलेलं तरी कुठे लपतं?
मागे एकाचं नऊ महिन्यांत परत आलं होतं,
गळा बदला म्हणून.
उजेडात धरलं तर जुन्या टाक्यांची भोकं
मुंग्यांच्या रांगेसारखी, जिथल्या तिथे.

काल दोरा दातानं तोडत रेवती म्हणाली,
"काका, समजा शिक्षण याच्याचकडे गेलं,
तर माझी सही होताना
याच्या पोटावर माझंच काज असेल."
हसली नाही.

हँगरवर राहून खांदा उतरतो.
म्हणून शटर अर्धं ओढून
रोज पाच मिनिटं मीच घालतो अंगात.
ढगळ होतं मला. बटणांशिवाय
दोन्ही पाखे दोन दिशांना जातात,
मी मधे धरून उभा.

आज टीव्ही म्हणतोय, रात्री उशिरा घोषणा शक्य.
हे कालही म्हणत होता.
रेवतीनं आरशात बघितलं आणि
बिलबुक पुढे सरकवलं,
"घ्या, मंत्रीसाहेब. एवढी एक सही करा."

मी पेनसाठी हात घातला.
खिसा अजून
कच्च्या टाक्यांनी बंद आहे.