एकोणसाठ

घणसोली गावठाणात, वरच्या माळ्यावर
जयेंद्रने माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं
आईच्या ब्लाऊजच्या टेपने.
एकोणसाठ. त्यातही डावी जरा नाकाकडे.
"हलू नकोस गं, भिंत बघ."

रबाळ्याच्या एका गाळ्यात रात्रपाळीला
छापून आणलेलं खोकं : राखाडी, कडा खरखरीत,
आत दोन भिंगं, पोस्टकार्डाहून लहान दोन पडदे
आणि कॉम्प्युटरपर्यंत शेपटासारखी वायर.
आराखडा कुणाचा?
म्हणाला, कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा.
उघडा, कापा, बदला,
फक्त बदललेलं परत आणून ठेवा.

मॉलमधल्या हेडसेटला स्क्रूच दिसत नव्हते.
तिथला पोरगा म्हणाला होता,
"मॅडम, प्रॉब्लेम तुमच्या डोळ्यांत आहे."

तीन खोकी फुकट गेली.
एकात आई आता सुया ठेवते.
चौथ्यात डावं भिंग चार मिलिमीटर आत, किंचित तिरकं.

घातलं.
आधी मळमळलं.
मग एक बादली. साधी, हिरवी, त्यानेच काढलेली.
आणि बादलीच्या मागे
भिंत.
मागे.
हात लांब केला तर टेबलावरचा कप पडला,
तो खरा होता.

अठ्ठावीस वर्षं मला वाटायचं
सगळेच अंतर अंदाजाने सांगतात.

काचा गोळा करायच्या सोडून
जयेंद्र टाइप करत बसला :
डावी बाजू बदलली आहे, तिरळ्या डोळ्यासाठी.
लागेल त्याने घ्यावी.
नावाच्या रकान्यात माझं नाव टाकलं,
स्पेलिंग चुकवून.

खालून आईने दुसऱ्यांदा विचारलं,
"काय फुटला रं?"